साडेदहा सेंटिमीटरची नर्तकी

गावाकडून पाहुणे आले की आपण दिल्लीकर त्यांना लाल किल्ला, कुतुबमिनार दाखवतो. मी राष्ट्रीय संग्रहालयाचाही आग्रह धरतो. तिथे मोहेंजोदडोची कांस्य नर्तकी आहे. शाळेच्या पुस्तकात तिचे चित्र सर्वांनी पाहिलेले असते, त्यामुळे समोर येताच प्रत्येकजण म्हणतो, "एवढीशीच?" होय, उंची अवघी १०.५ सें.मी.!

उजवा हात कमरेवर, डावा हात खांद्यापर्यंत बांगड्यांनी भरलेला, मान किंचित वर. सुमारे साडेचार हजार वर्षांपूर्वी ती मेणात घडवली गेली. मेणावर मातीचा लेप देऊन तो तापवला, मेण वितळून वाहून गेले आणि त्या पोकळीत तांबे-कथिलाचा रस ओतला. मूर्ती काढताना साचा फोडावाच लागतो, म्हणून अशी मूर्ती एकच होते. डिप्लोमाला असताना फाउंड्रीत वाळूच्या साच्यातून एक साधे ब्रॅकेट धड काढताना आमच्या नाकी नऊ आले होते. त्यामुळे त्या अनामिक कारागिराला मी मनोमन हात जोडतो.

आता आम्हा रेल्वेवाल्यांची एक लाजिरवाणी गोष्ट. एकोणिसाव्या शतकात लाहोर-मुलतान लोहमार्ग बांधताना याच संस्कृतीच्या हडप्पा या नगराच्या विटा उपसून गिट्टीऐवजी रुळांखाली घातल्या गेल्या. सुमारे शंभर मैलांच्या मार्गाला त्या पुरल्या, असे कनिंगहॅम यांनी नोंदवले आहे. त्या विटांबरोबर काय काय गेले असेल, कोण जाणे!

मोहेंजोदडो त्यातून वाचले, पण तेही लवकर ओळखले गेले नाही. १९११-१२ साली देवदत्त रामकृष्ण भांडारकर तिथे गेले होते. विटा नव्या धाटणीच्या वाटल्याने हे गाव दोनशे वर्षांचे असावे, असे मत या थोर संशोधकाने दिले. पुढे १९२२ मध्ये पुण्याच्या पुरातत्त्व कार्यालयाचे राखालदास बॅनर्जी यांनी तिथे उत्खनन केले आणि १९२६ मध्ये ही नर्तकी मिळाली. फाळणीनंतर तिथलाच प्रसिद्ध 'पुरोहित-राजा' पाकिस्तानला गेला, नर्तकी दिल्लीत राहिली.

नोकरीच्या सुरुवातीला एका कटिंगमध्ये आम्हाला खापरांचा जाड थर लागला होता. ब्लॉकची वेळ संपत आली होती. आम्ही तो डंपरमध्ये भरून भरावात टाकला. तिथे काय होते, हे आता कधीच कळणार नाही. भांडारकरांनी निदान थांबून पाहिले तरी होते. मी तेही केले नाही.

आज माझ्या हाताखालच्या मुलांना मी एवढेच सांगतो, की जमिनीतून जुनी वीट वा खापर निघाले तर मशीन थांबवा, आधी वरिष्ठांना कळवा. गाडी तासभर उशिरा धावली तरी चालते. साडेदहा सेंटिमीटरची वस्तू डंपरमध्ये एकदा गेली की गेली.