आधी बोर्ड की आधी प्रोसेसर? सॉकेटचा चाळीस वर्षांचा इतिहास



या मालिकेत आपण एरवी लढाया, तह आणि रसद यांवर बोलतो. आजचा विषय कॉम्प्युटरचा आहे, पण तह आणि रसद इथेही आहेतच. झालं असं, की बेळगाव, बडोदा, इंदूर अशा वेगवेगळ्या गावांतल्या प्रेक्षकांनी एकच प्रश्न विचारला. घरात मुलगा किंवा नात इंजिनिअरिंगला गेली आहे, कॉम्प्युटर जोडून घ्यायचा आहे. तर मधल्या किमतीचा मदरबोर्ड कोणता घ्यावा आणि त्यावर प्रोसेसर कोणता बसवावा?

निवृत्तीनंतर मी चेन्नईत राहतो. माउंट रोडला, म्हणजे आताच्या अण्णा सालैला, लागूनच रिची स्ट्रीट आहे. आपल्या मुंबईच्या लॅमिंग्टन रोडसारखीच ही गल्ली. रेडिओच्या सुट्या भागांपासून वाढत हा बाजार कॉम्प्युटरपर्यंत आला. तिथे कुठल्याही दुकानात उभं राहिलं की लोक आधी प्रोसेसर ठरवताना दिसतात, आणि उरलेल्या पैशांत जो बसेल तो बोर्ड घेतात. माझं म्हणणं आहे, की हा क्रम उलटा हवा. का, ते समजण्यासाठी थोडा इतिहास पाहू.

दुसरा पुरवठादार

प्रोसेसर बोर्डवर ज्या चौकोनी जागेत बसतो, तिला सॉकेट म्हणतात. किती पिना, कुठली पिन कशासाठी, किती व्होल्टेज, हे सगळं तिथे ठरलेलं असतं. सॉकेट म्हणजे बोर्ड बनवणारा आणि प्रोसेसर बनवणारा यांच्यातला तह समजा. तह कोण करतं आणि कोण मोडतं, यावर तुमच्या आमच्या खिशाचं भवितव्य ठरतं.

१२ ऑगस्ट १९८१ रोजी आयबीएमने आपला पहिला पीसी बाजारात आणला. त्यात इंटेलचा ८०८८ हा प्रोसेसर होता, वेग ४.७७ मेगाहर्ट्झ. आयबीएमचा आग्रह होता, की या चिपला दुसरा पुरवठादार असलाच पाहिजे. सैन्यात खरेदीशी संबंध आलेल्या माणसाला हे लगेच कळेल. दारूगोळा एकाच कारखान्यातून येत असेल आणि तो कारखाना बंद पडला, तर आघाडीवरचा जवान काय करणार? म्हणून १९८२ मध्ये इंटेल आणि एएमडी यांच्यात करार झाला. इंटेलच्या आराखड्यावर एएमडीही चिप बनवू लागली. दोन्हींच्या पिना एकच, म्हणजे दोन्ही एकाच बोर्डवर चालणार.

१९८५ च्या ३८६ प्रोसेसरपाशी हा तह मोडला. इंटेलने त्याचा आराखडा द्यायला नकार दिला. प्रकरण लवादाकडे आणि पुढे कोर्टात गेलं. एएमडीने स्वतःच्या बळावर आपला ३८६ तयार केला आणि १९९१ मध्ये विकायला काढला. तो चालत्या बोर्डवर बसत होता म्हणून बाजारात टिकला, आणि स्पर्धा आल्यावर किमती उतरल्या.

पुण्यात जन्मलेला अभियंता

आता या गोष्टीत एक माणूस येतो. विनोद धाम यांचा जन्म १९५० चा, पुण्याचा. कुटुंब फाळणीत रावळपिंडीहून आलेलं. दिल्लीच्या इंजिनिअरिंग कॉलेजातून १९७१ मध्ये पदवी घेतली, पुढे अमेरिकेत गेले आणि १९७९ मध्ये इंटेलमध्ये लागले. १९९३ मध्ये आलेल्या पेंटियम प्रकल्पाचे ते प्रमुख होते. चिप एकट्याने बनत नाही, शेकडो लोक राबतात. तरी लोकांनी त्यांना पेंटियमचे जनक म्हटलं ते त्यामुळेच. २०२५ मध्ये त्यांना पद्मभूषण जाहीर झालं.

हे बहुतेकांना माहीत असतं. पुढचा भाग कमी सांगितला जातो आणि आपल्या प्रश्नासाठी तोच महत्त्वाचा आहे. १९९५ मध्ये धाम इंटेल सोडून नेक्सजेन नावाच्या छोट्या कंपनीत गेले. नेक्सजेनचा एनएक्स ५८६ हा प्रोसेसर कागदावर पेंटियमशी टक्कर देत होता. पण त्याला स्वतःचा वेगळा बोर्ड लागायचा, दुसऱ्या कुठल्याही बोर्डवर तो बसत नसे. घोडा उमदा, पण त्याच्या मापाचं खोगीर बाजारात मिळेना. ग्राहक फारसे आले नाहीत.

एएमडीने नेक्सजेन विकत घेतली आणि पुढच्या चिपमध्ये सर्वांत मोठा बदल केला तो बसण्याच्या जागेत. ती चिप सॉकेट ७ मध्ये बसेल अशी केली. सॉकेट ७ म्हणजे तेव्हा पेंटियम ज्यात बसत होता तीच जागा. एप्रिल १९९७ मध्ये ती के-६ या नावाने आली आणि चालली. पेंटियम आणि के-६, दोन्हींच्या मागे पुण्यात जन्मलेला एकच अभियंता, आणि दोन्ही एकाच सॉकेटात बसणारे.

सॉकेट ७ चा काळ ग्राहकासाठी फार चांगला होता. इंटेल, एएमडी, सायरिक्स, आयडीटी, चौघांचे प्रोसेसर त्यात बसत. बोर्डवरचे छोटे जंपर हलवून व्होल्टेज आणि वेग जुळवायचा, की झालं. बोर्ड एकदा घ्यावा आणि प्रोसेसर पुढे सवडीने बदलावा, ही सवय त्या काळात लागली.

१९९७ ची वाटणी

मे १९९७ मध्ये इंटेलने पेंटियम २ आणला. तो व्हिडिओ गेमच्या कॅसेटसारख्या डबीत होता आणि बोर्डवरच्या उभ्या खाचेत बसे. त्या खाचेचं नाव स्लॉट १. तांत्रिक कारण खरं होतं: कॅश मेमरीच्या चिपा प्रोसेसरजवळ ठेवायच्या होत्या. पण त्या जोडणीवर इंटेलचे हक्क होते आणि स्पर्धकांना तिथे प्रवेश नव्हता. पुढे कॅश प्रोसेसरच्या आतच मावू लागली आणि १९९९ मध्ये इंटेल पुन्हा चौकोनी सॉकेटकडे आली. सामाईक सॉकेट मात्र परत आलं नाही.

एएमडीने १९९९ मध्ये अॅथलॉनसाठी स्लॉट ए काढला. दिसायला तीच खाच, फक्त उलटी फिरवलेली. आतली विजेची भाषा पूर्ण वेगळी. तेव्हापासून आजपर्यंत इंटेलचा बोर्ड वेगळा आणि एएमडीचा वेगळा. म्हणून आज बोर्ड निवडताना तुम्ही एक बाजू निवडता. त्या बाजूचा सेनापती पुढे कुठवर साथ देणार, हे विचारणं तुमचं काम आहे.

१९९७ मध्येच भारत जागतिक व्यापार संघटनेच्या माहिती तंत्रज्ञान करारात सामील झाला. कॉम्प्युटरच्या भागांवरचं आयात शुल्क टप्प्याटप्प्याने उतरलं. लॅमिंग्टन रोड, दिल्लीचं नेहरू प्लेस आणि रिची स्ट्रीट इथे सुटे भाग घेऊन कॉम्प्युटर जोडून घेणं मध्यमवर्गाला परवडू लागलं. गोव्यातही वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीत स्मार्टलिंक कंपनीने डिजिलाइट नावाचे मदरबोर्ड बनवले. पण बाजार मुख्यतः तैवानी कंपन्यांच्या हातात राहिला.

पाळलेला शब्द, न पाळलेला शब्द

अलीकडची दोन उदाहरणं शेजारी ठेवून बघा.

पहिलं इंटेलचं. २०१५ मध्ये ११५१ संपर्कबिंदूंचं सॉकेट आलं. ऑक्टोबर २०१७ मध्ये आठव्या पिढीचे प्रोसेसर आले, बिंदू तेच ११५१. लोकांना वाटलं, जुन्या बोर्डवर बसतील. आकाराने बसत होते, पण चालत नव्हते. नवा बोर्ड घ्यावा लागला. ज्यांनी त्याच वर्षी २०० मालिकेचा बोर्ड घेतला होता, त्यांची वाट वर्षभरातच संपली.

दुसरं एएमडीचं. २०१७ मध्ये रायझन प्रोसेसर एएम-४ सॉकेटात आले. मे २०२० मध्ये कंपनीने सांगितलं, की पुढची पिढी जुन्या ४०० मालिकेच्या बोर्डवर चालणार नाही. ग्राहक खवळले. दोन आठवड्यांच्या आत कंपनीने निर्णय फिरवला. २०२२ पर्यंत तर २०१७ च्या बी-३५० बोर्डांवरही ५००० मालिकेचे प्रोसेसर बायोस बदलून चालू लागले. मधल्या किमतीचा बोर्ड, पाच वर्षांनी नवा प्रोसेसर, बाकी सगळं तेच. एखाद्या घराची यात केवढी बचत झाली असेल याचा विचार करा.

याचा अर्थ एक कंपनी साधू आणि दुसरी चोर असा नाही. वरचढ असलेला पक्ष अटी घालतो आणि मागे पडलेला पक्ष सवलती देतो, हे तहाच्या इतिहासात नेहमीचं आहे. उद्या पारडं फिरलं तर वागणूकही फिरेल. म्हणून ब्रँडवर निष्ठा ठेवू नका, चालू तहाची मुदत बघा.

मग आज काय बघायचं?

पहिली गोष्ट, सॉकेटचं उरलेलं आयुष्य. एएमडीचं एएम-५ सॉकेट २०२२ मध्ये आलं आणि ते २०२७ पर्यंत व त्यापुढेही चालवू, असं कंपनीने जाहीर केलं आहे. इंटेलचं १७०० बिंदूंचं सॉकेट २०२१ चं. बाराव्या ते चौदाव्या पिढीपर्यंत चाललं आणि २०२४ मध्ये त्याच्या जागी १८५१ आलं. १७०० वर स्वस्तात जोडणी मिळत असेल तर जरूर घ्या, पण हा शेवटचा मुक्काम आहे हे समजून घ्या आणि पहिल्याच दिवशी पुरेसा प्रोसेसर बसवा. एएम-५ वर आज बेताचा प्रोसेसर घेऊन तीन-चार वर्षांनी बदलण्याची मुभा राहते.

दुसरी गोष्ट, बोर्डचं नाव. मधल्या किमतीचे बोर्ड सहसा बी या अक्षराने ओळखले जातात: एएमडीकडे बी-६५० आणि बी-८५०, इंटेलकडे बी-७६० आणि बी-८६०. इंटेलच्या बी बोर्डवर प्रोसेसरचा वेग हाताने वाढवता येत नाही. म्हणून त्यावर नावाच्या शेवटी के असलेला महाग प्रोसेसर घेऊन जास्तीचे पैसे देण्यात फारसा अर्थ नाही. एएमडीच्या बी बोर्डवर ती सोय आहे.

तिसरी गोष्ट रसदेची, म्हणजे विजेची. पुरवठा पेटीतून १२ व्होल्ट येतात. प्रोसेसरला साधारण सव्वा व्होल्ट लागतात. १२० वॉट खेचणारा प्रोसेसर सव्वा व्होल्टवर जवळजवळ १०० अँपिअर प्रवाह घेतो. आपल्या घराच्या मुख्य एमसीबीतूनही सहसा एवढा प्रवाह जात नाही. हे काम सॉकेटभोवतीची व्होल्टेज रेग्युलेटरची रांग करते. स्वस्त बोर्डवर ती तोकडी असते आणि तिच्यावर उष्णता शोषणारी धातूची पट्टीही नसते. २००० च्या आसपास सदोष कपॅसिटरचं पीक आलं होतं. जगभर बोर्डवरचे डबे फुगून फुटले. विद्युत-द्रावाच्या कपॅसिटरचं आयुष्य दर १० अंशांनी साधारण निम्मं होतं. चेन्नईचा मे महिना किंवा नागपूर-अकोल्याचा उन्हाळा आठवा. आपल्याकडे ही पट्टी शोभेची नाही, गरजेची आहे.

चौथी गोष्ट, बायोस. बोर्ड कपाटात सहा महिने पडला असेल तर त्याचं बायोस नव्या प्रोसेसरला ओळखेलच असं नाही. दुकानातच नवं बायोस घालून घ्या. प्रोसेसर न बसवता पेन ड्राइव्हवरून बायोस बदलता येईल असा बोर्ड मिळाला तर उत्तम. २०२४ मध्ये इंटेलच्या तेराव्या-चौदाव्या पिढीतल्या काही प्रोसेसरना जादा व्होल्टेजमुळे इजा होते, हे उघड झालं. दुरुस्ती बायोसवाटेच आली आणि कंपनीने वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. जुना बोर्ड घेणाऱ्यांनी हे आधी तपासावं.

पाचवी गोष्ट छोटी आहे. २००४ पासून इंटेलने आणि एएम-५ पासून एएमडीनेही पिना प्रोसेसरवरून काढून बोर्डवर नेल्या. पैसे देण्याआधी सॉकेटचं झाकण उघडून उजेडात पिना बघा. वाकलेल्या पिनेसाठी वॉरंटी बहुधा मिळत नाही. रॅमही जुळवा: एएम-५ आणि १८५१ वर फक्त डीडीआर-५, तर १७०० वर बोर्डनुसार डीडीआर-४ किंवा ५.

चेन्नईतला नवा तह

शेवटी याच शहरातली एक गोष्ट. आयआयटी मद्रासमध्ये शक्ती हा प्रोसेसर प्रकल्प चालतो. त्याचा पाया रिस्क-फाइव्ह ही खुली आज्ञावली आहे. ती वापरायला कुणाचा परवाना लागत नाही. २०२० मध्ये तिथल्या चमूने मौशिक नावाची चिप चालवून दाखवली आणि तिच्यासाठी आर्डोनिक्स नावाचा मदरबोर्डही बनवला. २०२५ मध्ये इस्रोबरोबर केलेली आयरिस ही चिप चंदीगडच्या सरकारी कारखान्यात बनली, तिच्या बोर्डची जुळणी चेन्नईत झाली. तुमच्या नातीच्या टेबलावर या चिपा आज येणार नाहीत, त्यांचं काम वेगळं आहे. पण बोर्ड आणि प्रोसेसर दोन्ही आपल्या हातचे असणं म्हणजे काय, याचा धडा त्यात आहे.

आपल्या हातात तूर्त एवढंच आहे: दुकानात शिरल्यावर पहिला प्रश्न सॉकेटचा विचारायचा, दुसरा बोर्डच्या वीजपुरवठ्याचा आणि तिसरा प्रोसेसरचा. दुकानदार गडबड करू लागला तर शांतपणे शेजारच्या दुकानात जा. रिची स्ट्रीट असो वा लॅमिंग्टन रोड, शेजारी दुकान असतंच.

पुढच्या भागात भेटू. जय हिंद.