पडदा, पती आणि पत्ता

भारतातल्या बायकांना मताचा अधिकार न मागता, स्वातंत्र्याबरोबर आयता मिळाला, असं आपल्याकडे सर्रास बोललं जातं. ते खरं नाही. स्वातंत्र्याच्या तीस वर्षं आधी ही मागणी सुरू झाली होती आणि मुंबईच्या बायका त्यात आघाडीवर होत्या.

डिसेंबर १९१७मध्ये सरोजिनी नायडूंच्या नेतृत्वाखाली बायकांचं शिष्टमंडळ मद्रासला भारतमंत्री माँटेग्यूंना भेटलं. पुरुषांना द्याल त्याच अटींवर आम्हालाही मत द्या, एवढंच त्यांचं म्हणणं होतं. त्या शिष्टमंडळात बेगम हसरत मोहानीही होत्या. पुढे मताधिकारासाठी नेमलेल्या साउथबरो समितीने मात्र नकार दिला. कारण काय, तर इथल्या अनेक समाजांत पडदा आहे, म्हणून ही सुधारणा अकाली ठरेल! गंमत बघा. पडद्याचं कारण सांगून मत नाकारलं ते सगळ्याच बायकांना. डोक्यावर माशांची पाटी घेऊन भर बाजारात भाव करणाऱ्या कोळणीलाही. आणि ज्या समाजाकडे बोट दाखवलं, त्यातली एक बाई मागणी करणाऱ्यांत स्वतः हजर होती. मुस्लिम बाईच्या नावाने निर्णय घ्यायचा आणि तिला विचारायचं नाही, ही रीत तेव्हापासूनची आहे.

मुंबईच्या हेराबाई टाटा आणि त्यांची मुलगी मिठन १९१९मध्ये थेट लंडनला गेल्या आणि संसदेच्या समितीपुढे त्यांनी बाजू मांडली. त्या वर्षीच्या कायद्याने हा प्रश्न प्रांतांवर सोपवला. मग इथे सभा झाल्या, ठराव झाले. पुण्यात मुलींच्या सक्तीच्या शिक्षणासाठी झगडलेल्या रमाबाई रानडे याही लढ्यात उतरल्या. १९२१मध्ये आधी मद्रास आणि पाठोपाठ मुंबई प्रांताने बाई म्हणून असलेली बंदी उठवली.

पण मालमत्तेची अट राहिली. जिच्या नावावर काही आहे, तिलाच मत. आपल्याकडे बाईच्या नावावर असतं तरी काय? त्यामुळे दार उघडलं, पण आत मोजक्याच गेल्या. त्यातही १९२३मध्ये सरोजिनी नायडू आणि अवंतिकाबाई गोखले मुंबई महापालिकेत नगरसेविका झाल्या, ही छोटी गोष्ट नव्हे.

१९३५च्या कायद्याने बायकांची मतदारसंख्या साठ लाखांच्या घरात नेली. साक्षर बाईला मत मिळालं, तसं मालमत्ता असलेल्या मतदाराच्या बायकोलाही मिळालं. म्हणजे मत तिचं, पण पात्रता नवऱ्याची. महिला परिषदेसारख्या संघटनांनी याला विरोध केला. त्यांना प्रत्येक प्रौढ माणसाला मत हवं होतं. १९३७मध्ये हंसा मेहतांनी राखीव जागा नाकारली, खुल्या जागेवरून मुंबईत निवडणूक लढवली आणि जिंकली.

राज्यघटनेने अखेर प्रौढ मताधिकार दिला. घटनासभेतल्या एकमेव मुस्लिम महिला सदस्य, बेगम कुदसिया ऐजाज रसूल, धर्माच्या आधारावरील राखीव जागांच्या विरोधात होत्या. तरीही पहिल्या निवडणुकीच्या याद्या झाल्या तेव्हा सुमारे २८ लाख बायकांची नावं गळली. त्यांनी आपलं नाव सांगितलंच नव्हतं. अमक्याची बायको, तमक्याची मुलगी, अशीच नोंद होती. निवडणूक आयुक्त सुकुमार सेन अडून बसले, की बाईला स्वतःचं नाव असायलाच हवं. मला हा निर्णय कठोर वाटतो आणि तितकाच योग्यही.

मी माहुलला राहतो. प्रकल्पांत घरं गेलेली हजारो कुटुंबं इथे रिफायनऱ्यांच्या शेजारी आणून वसवली गेली. इथल्या हवेविरुद्ध जी आंदोलनं झाली त्यांत बायका पुढे होत्या. सलमा आपा असो की मंदाताई, आज प्रत्येकीला नाव आहे आणि ते त्या ठणकावून सांगतात. अडतं ते पत्त्यावर. घर तुटलं, वस्ती बदलली, कार्डावर जुनाच पत्ता. मतदानाच्या दिवशी कुणी रिक्षा करून जुन्या वस्तीत जाते, कुणी रोज बुडतो म्हणून जातच नाही. पडदा झाला, पती झाला, आता पत्ता.

महाराष्ट्राने २०११मध्ये स्थानिक संस्थांत बायकांना निम्म्या जागा दिल्या. मुंबई महापालिकेच्या २२७पैकी ११४ जागा त्यांच्यासाठी ठेवल्या गेल्या. अवंतिकाबाईंच्या काळाशी तुलना केली तर हे अंतर फार मोठं आहे. पण सभागृहातल्या त्या खुर्चीपर्यंतचा रस्ता मतदार यादीतूनच जातो. म्हणून विनंती एवढीच : निवडणूक जाहीर व्हायची वाट पाहू नका. घरातल्या, शेजारच्या बायकांची नावं यादीत आहेत का, पत्ता बरोबर आहे का, आत्ताच बघा. नसेल तर अर्ज भरून द्या. हेराबाई त्यासाठी समुद्र ओलांडून गेल्या होत्या.