नगारखान्यापासून घरच्या थिएटरापर्यंत

मेहकर तालुक्यांतील जानेफळ हें आमचें मूळ गांव. तेथील आमचें जुनें माळवदी घर अर्धें उतरवून त्या जागीं माझ्या पुतण्यानें नुकत्याच स्लॅबच्या दोन खोल्या बांधल्या. गेल्या महिन्यांत त्याचें पत्र आलें: "काका, नव्या घरांतील एक खोली केवळ सिनेमासाठीं राखली आहे. समोर स्पीकर, पाठीमागें स्पीकर आणि छतालाही चार स्पीकर लावावयाचे आहेत. कोणतें सामान घ्यावें तें कळवा. आजीला मात्र इतक्यांत कांहीं सांगूं नका."

मी इतिहासाचा अध्यापक. यंत्रांच्या बाजारांत माझें मत कोण विचारणार? तथापि प्रश्न घरचा होता, आणि ज्या आजीपासून गुप्तता राखावयाची ती माझी आई असून तिनें ऐंशी वर्षें ओलांडलीं आहेत. म्हणून सामानाची यादी करण्यापूर्वीं, नाद माणसाच्या डोक्यावर चढला तरी केव्हां व कशासाठीं, याचा मी थोडा शोध घेतला. त्यांतून जें निष्पन्न झालें तें अशा खोल्या बांधूं इच्छिणाऱ्या इतर कुटुंबांसही उपयोगी पडेल, असें वाटल्यावरून येथें मांडीत आहें.

डोक्यावरून येणारा नाद आपणांस नवा नाहीं. रायगडावरील राजसभेच्या प्रवेशद्वारावर नगारखाना आहे. पुण्याच्या शनिवारवाड्याच्या दिल्ली दरवाजावरही आहे. मोठ्या देवस्थानांच्या महाद्वारांवर तो आजही दृष्टीस पडतो. वाद्यें मुद्दाम उंचावर ठेवण्यांत हेतु उघड होता. जमिनीवर वाजविलेला नगारा गर्दी व भिंती यांनीं अडतो. उंचावरचा नगारा या अडथळ्यांवरून जाऊन सगळ्यांस सारखाच पोंचतो. परंतु तो प्रहर सांगे, आगमन सांगे. शब्द सांगत नसे. शब्दासाठीं आपण नेहमींच समोर पाहत आलों. कीर्तनांत बुवा समोर उभे राहतात आणि टाळकरी त्यांच्या मागें; श्रोता बुवांच्या मुखाकडे तोंड करून बसतो. समोरून अर्थ आणि वरून वातावरण, ही वांटणी यंत्रें येण्याच्या कितीतरी आधींची आहे.

ही वांटणी मोडली असतां काय होतें, हें पाहावयाचें असेल तर विजापूरच्या गोलघुमटांत जावें. महंमद आदिलशहाचें हें थडगें 1656 च्या सुमारास पुरें झालें. त्याच्या घुमटाखालील सज्ज्यांत भिंतीशीं केलेली कुजबूज पलीकडच्या टोंकास स्पष्ट ऐकूं येते, आणि एकदां वाजविलेली टाळी पुनःपुन्हा परत येते. पाहुण्यास मौज वाटते खरी; परंतु तेथें खालीं उभें राहून कोणी व्याख्यान देऊं म्हणेल, तर पहिला शब्द विरण्यापूर्वींच दुसरा त्यावर आदळेल. वरून नाद यावा, पण तो आवरलेला असावा, हा धडा साडेतीनशें वर्षांपूर्वींच्या त्या दगडी छतानें देऊन ठेविला आहे.

आतां रंगभूमीकडे वळूं. अण्णासाहेब किर्लोस्करांचें 'शाकुंतल' 1880 सालीं पुण्यास रंगभूमीवर आलें, तेव्हां नटाचा कंठ हेंच ध्वनियंत्र होतें. दादासाहेब फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' 1913 सालीं मुंबईच्या कॉरोनेशनमध्यें लागला तो मुका. 1931 सालीं 'आलम आरा' बोलली, आणि पुढच्याच वर्षीं प्रभातच्या 'अयोध्येचा राजा'नें मराठी बोलपटाचा आरंभ केला. या बोलपटांचा सर्व नाद, मग तें गाणें असो, वादळ असो वा राजाचा विलाप असो, एकाच दिशेनें म्हणजे पडद्याकडून येई. जत्रांतून तंबूचे सिनेमे आले तेव्हांही व्यवस्था हीच. एक पडदा, त्यालगत कर्णा, बाहेर धडधडणारें जनरेटर आणि तंबूंत मांडीला मांडी लावून बसलेलीं माणसें. लहानपणीं मी अशाच एका तंबूंत अगदीं कडेच्या खांबाला टेकून बसलों होतों. पडदा तिरपा दिसे, पण संवाद एकही चुकला नाहीं. आवाज एकाच ठिकाणाहून येत असल्यानें मधला आणि कडेचा असा भेद त्यांत फारसा नव्हता.

चित्रपटाचा नाद पडद्यावरून खालीं उतरून प्रेक्षकांभोंवतीं फिरूं लागला तो अमेरिकेंत. 1940 सालीं डिस्नेच्या 'फँटेसिया'साठीं 'फँटासाउंड' नांवाची योजना सिद्ध झाली. तिचें सामान इतकें अवजड व महाग होतें कीं, मोजक्याच शहरांत तें पोंचलें. 1953 सालीं 'द रोब' हा सिनेमास्कोप चित्रपट चार ध्वनिमार्ग घेऊन आला. पण इतके स्पीकर बसविण्यास पुष्कळ थिएटरवाल्यांनीं नकार दिला, आणि शेवटीं कंपनीस साध्या एकमार्गी नादाच्या प्रतीही पुरवाव्या लागल्या. आपल्याकडे 1975 सालीं मुंबईच्या मिनर्व्हांत 'शोले' 70 मि. मी. च्या पडद्यावर स्टिरिओ नादासह गाजला. गांवोगांवच्या प्रेक्षकांनीं तोच चित्रपट 35 मि. मी. च्या प्रतींवर, समोरच्या एकाच आवाजांत पाहिला. तरीही गब्बरचे संवाद पाठ नव्हते असें गांव वऱ्हाडांत सांपडलें नसतें! यंत्र पुढें जातें आणि जागा मागें राहते, ही या इतिहासांतील नित्याची गोष्ट आहे.

यानंतर नाद घरांत शिरला. 25 जानेवारी 1987 पासून रविवारीं सकाळीं 'रामायण' लागूं लागलें, तेव्हां ज्याच्या घरीं टेलिव्हिजन त्याचें घर हेंच गांवाचें सभागृह होई. त्या पेटीचा स्पीकर तळहाताएवढा. ओसरीवरच्या माणसांस चित्र दिसत नसे, पण शब्द ऐकूं येत. पुढें भोंवतालचा नाद डिस्कच्या द्वारें घरोघर आला. 2012 सालीं 'डॉल्बी ॲटमॉस' ही पद्धत थिएटरांत आली. तींत प्रत्येक ध्वनीबरोबर त्याची जागाही नोंदविलेली असते, आणि छतावरील स्पीकरांमुळें पाऊस खरोखर वरून पडल्यासारखा वाटतो. 2014 पासून हीच पद्धत घरगुती सामानांत मिळूं लागली. नगारखाना महाद्वारावरून निघून दिवाणखान्याच्या छतास लागला तो असा.

परंतु या प्रवासांत एक गोष्ट हातची गेली. आवाज डावा कीं उजवा, हें आपण दोन कानांत पडणाऱ्या अंतरावरून ओळखतों. तो वरचा कीं खालचा, हें ओळखण्यास कानाच्या पाळीच्या वळ्या साह्य करतात. म्हणून दिशा नेमकी भासावयाची तर ऐकणाऱ्याची जागाही नेमकी लागते. मोठ्या थिएटरांत अनेक स्पीकरांच्या रांगा ही अडचण पुष्कळ अंशीं सांवरतात. घरच्या लहान खोलींत मधल्या खुर्चीवर सारा थाट जुळतो. भिंतीला टेकून बसलेल्याच्या कानाशीं मात्र जवळचा एकच स्पीकर ओरडत राहतो. नगारखान्याखालीं उभ्या असलेल्या कोणासही असें वाटलें नसेल. तेव्हां कोणतें सामान घ्यावें, या प्रश्नाच्या पोटांत दुसरा प्रश्न आहे: ऐकणार किती जण? माझ्या मतें हाच आधीं सुटला पाहिजे.

पुतण्याची खोली दहा फूट रुंद, बारा फूट लांब व दहा फूट उंच. बसलेल्या माणसाचा कान जमिनीपासून सुमारें साडेतीन फुटांवर असतो. म्हणजे कानापासून छतापर्यंत साडेसहा फूट उरतात. चार स्पीकर छतास लावावयाचे तर पुढची जोडी कानाच्या पातळीपासून सुमारें 45 अंशांच्या चढावर, म्हणजे साडेसहा फूट पुढें, आणि मागची तितकीच मागें हवी. अगदीं ओढून ताणून 55 अंश धरले तरी मागें साडेचार फूट मोकळे लागतात. याचा सोफा तर मागच्या भिंतीला चिकटलेला! म्हणून चारांचा मोह सोडून दोनच घ्यावे आणि ते डोक्यावर, किंचित पुढें, लावावे. बाजारांत यास 5.1.2 म्हणतात: भोंवतालचे पांच, घुमाऱ्याचा सबवूफर एक, छताचे दोन. त्यास सात मार्गांचा रिसीव्हर पुरतो. छताचे चार झाल्यास नऊ मार्गांचा घ्यावा लागतो, आणि पैसा तिकडेच जातो.

दुसरी गोष्ट छताची. जमिनीवर ठेवून आवाज छताकडे उडविणारे आणि तो तेथून परतवून आणणारेही स्पीकर मिळतात; त्यांस सपाट व कठीण छत लागतें. स्लॅबखालीं ते चालतील. आमच्या उरलेल्या माळवदांत तुळया, कड्या आणि वर किलचन. तेथें परतणारा नाद विखरून जाईल. उलट स्लॅबच्या चार उघड्या भिंतींत गोलघुमटाची लहानशी आवृत्ति निघते. जाड पडदे, सतरंज्या, पुस्तकांचें कपाट यांनीं ती आवरावी. हा खर्च यंत्रापुढें अल्प, आणि गुण मोठा. तारांच्या नळ्या गिलाव्यापूर्वींच घालाव्या. अर्थिंग नीट करून घ्यावें, आणि वीज कमीजास्त होत असेल तर स्टॅबिलायझर ठेवावा.

तिसरी आणि मुख्य गोष्ट मधल्या स्पीकराची. चित्रपटांतील संवाद बहुधा त्यालाच दिलेले असतात. तो नसला तर ते डाव्याउजव्यांत वांटले जातात, आणि कडेला बसलेल्यास पात्र पडद्यावर बोलत असूनही आवाज जवळच्या बाजूकडून येतो. शिवाय उतारवयांत कानाची शक्ति प्रथम वरच्या स्वरांत घटते. 'स', 'श' यांसारखीं व्यंजनें तेथेंच राहतात. म्हणून म्हाताऱ्या माणसांस आवाज ऐकूं येतो पण शब्द कळत नाहींत. अशा वेळीं छतावरच्या पावसाचा जोर वाढविणें म्हणजे त्यांस सभेंत बसवून संभाषणांतून उठविणें होय. मधला स्पीकर उत्तम घ्यावा, पडद्यालगत कानाच्या उंचीस ठेवावा, आणि त्याचा आवाज इतरांहून थोडा चढा ठेवावा.

हें सर्व मीं पुतण्यास कळविलें. त्याला तें सर्वस्वीं रुचलें असें नाहीं. "मग ॲटमॉस घेऊन उपयोग काय?" असें त्यानें उलट विचारलें, आणि त्याचें म्हणणें अगदींच निराधार नव्हतें, वरून येणारा नाद ही खरी विद्या आहे, व तरुण माणसास तिचें आकर्षण वाटावें यांत नवल नाहीं. अखेर तडजोड झाली. समोरचे तीन स्पीकर आधीं आले. छताकडे नळ्या घालून तारा तेवढ्या सोडून ठेवल्या.

दिवाळीस मी जानेफळला गेलों तेव्हां त्यानें प्रभातचा 'संत तुकाराम' लावला. 1936 चा चित्रपट. त्यांत वरचा नाद कोठून असणार? मधली खुर्ची त्यानें आजीसाठीं राखली होती. ती तींत बसली नाहीं. संवयीप्रमाणें दाराशीं, उंबऱ्याला टेकून बसली. शेजारच्या दोघीतिघी तिच्यामागें ओसरीवर टेकल्या. थोड्या वेळानें तिनें मागें वळून त्यांना आवलीचें एक वाक्य पुन्हा म्हणून दाखविलें, आणि त्या हंसल्या. पुतण्यानें माझ्याकडे पाहिलें, मग त्या मोकळ्या खुर्चीकडे.

छतावरचे दोन स्पीकर तो या उन्हाळ्यांत बसविणार आहे. कोठें बसवावे याचें माप घेतांना त्यानें खुर्चीपासून आरंभ न करतां उंबऱ्यापासून केला, असें त्यानें कालच कळविलें आहे.