राजाची अडीच घरांची उडी

बुद्धिबळाचा पट आपल्यापैकी बहुतेकांच्या घरात कधी ना कधी मांडला गेलेला असतो. हत्ती सरळ जातो, उंट तिरपा जातो, घोडा अडीच घरं उडतो, वजीर दोन्ही अंगांनी धावतो आणि प्यादं बिचारं एकेक घर पुढं सरकतं. एवढं कळलं की मुलाला खेळ आला, असं आपण म्हणतो. पण कुठली सोंगटी काय करू शकते, हा नियमाचा अर्धाच भाग झाला. ती ते केव्हा करू शकते, हा उरलेला अर्धा. आज मला या दुसऱ्या अर्ध्याविषयी बोलायचं आहे. आपल्याकडच्या जुन्या, देशी बुद्धिबळात या 'केव्हा'ला मोठा मान होता.

देशी डावात राजाला एक खास सवलत असे. एरवी एक घर चालणारा राजा साऱ्या डावात एकदाच घोड्यासारखी अडीच घरांची उडी घेऊ शकत असे. अट एकच, तोवर त्याला शह बसलेला नसावा. पहिला शह बसला की उडीचा हक्क संपला. मग शह देणारी सोंगटी मारा, नाहीतर राजा बाजूला घ्या, गेलेला हक्क परत येत नसे.

या अटीमुळं काय होई ते पाहा. आजच्या खेळात उगाच दिलेला शह म्हणजे वाया घालवलेली चाल, असं शिकवतात. देशी डावात तसा शहसुद्धा उपयोगी पडे. त्यानं राजा मरत नसे, पण त्याच्या पायातलं बळ जाई. म्हणून एक खेळाडू लवकर शह देण्याच्या खटपटीत, तर दुसरा त्याआधी उडी घ्यावी की ती अडचणीच्या वेळेसाठी राखून ठेवावी, या विचारात. फार लवकर घेतली तर फुकट गेली आणि राखून ठेवली तर एखादा शह येऊन ती हिरावून नेणार. दोन शक्ती एकमेकींवर अशा टपून बसलेल्या असत.

आजच्या डावात या उडीच्या जागी किल्लेकोट आहे. राजा आणि हत्ती एकाच चालीत जागा बदलतात. त्यालाही वेळेच्या अटी आहेत. दोघांपैकी कुणीही आधी हललेलं नसावं, मधली घरं मोकळी हवीत, शह बसलेला असताना किल्लेकोट होत नाही, आणि राजा ज्या घरातून जाणार तिथं शत्रूचा मारा नसावा. पण शह आला आणि राजा न हलवता तो परतवला, तर किल्लेकोटाचा हक्क शाबूत राहतो. हा नियम क्षमाशील आहे. देशी नियम तसा नव्हता.

प्याद्याची गोष्ट याहून बोलकी आहे. आज प्यादं शेवटच्या पट्टीत पोचलं की खेळाडू त्याचा वजीर करून मोकळा होतो. पहिला वजीर पटावर असला तरी चालतं. जुन्या हिंदुस्थानी पद्धतीत प्यादं ज्या रांगेत पोचेल, त्या रांगेची सोंगटी होई. घोड्याच्या रांगेत पोचलं तर घोडा, हत्तीच्या रांगेत हत्ती. शिवाय ती सोंगटी आधी मेलेली असायला हवी. जागा रिकामी नसेल तर प्याद्यानं उंबऱ्याबाहेर, सातव्या घरात थांबायचं. काही प्रांतांत आणखी एक मौज होती. घोड्याच्या रांगेत बढती मिळालेलं प्यादं त्याच पाळीत घोड्याची एक चाल लगोलग करी.

हे सारं आमच्या जुन्नरात मी लहानपणी ऐकलं. आमच्या मोहल्ल्यातले एक वयस्कर मामू आणि निवृत्त झालेले एक गुरुजी संध्याकाळी ओट्यावर पट मांडत. पट मांडण्याआधी दोघं ठरलेल्या तीन गोष्टी बोलून घेत. राजाच्या उडीत सोंगटी मारायची की नाही? प्याद्याची पहिली चाल एक घर की दोन? आणि बढती कशी? रोजचेच भिडू, रोजचीच उत्तरं, तरीही बोलून घेत. एकदा पुण्याहून आलेल्या गुरुजींच्या भाच्यानं ऐन डावात किल्लेकोट केला. मामू म्हणाले, "बेटा, हे काय?" भाचा म्हणाला, "पुस्तकात आहे." गुरुजी गप्प. मामूंनी थोडा विचार केला आणि म्हणाले, "आधी ठरलं नव्हतं ना? मग हा डाव तुझ्या कायद्यानं, पुढचा आमच्या." पुढच्या डावात भाच्याच्या राजाला मामूंनी सहाव्या-सातव्या चालीलाच एक निरुपद्रवी शह दिला. भाचा हसला. त्या शहानं काय गेलं, ते त्याला पंधरा चालींनंतर कळलं.

जुन्नरचा माणूस प्याद्याच्या बढतीबद्दल बोलू लागला की त्याला मलिक अंबर आठवल्याशिवाय राहत नाही. अहमद निजामशहानं १४९० साली बहमनी सत्तेपासून वेगळं होऊन आपलं राज्य उभं केलं, ते इथूनच. पुढं शंभर वर्षांनी त्या राज्याची कड राखायला उभा राहिला तो इथिओपियात जन्मलेला, गुलामांच्या बाजारात अनेकदा विकला गेलेला एक हबशी. त्याला दख्खनेत विकत घेतलं चंगेजखानानं, आणि हा चंगेजखान निजामशाहीचा पेशवा होता, स्वतःही हबशीच. म्हणजे हे प्यादं पटावर आलं तेच वजिराच्या रांगेत. पण जागा रिकामी नव्हती. मालक वारल्यावर अंबर मोकळा झाला, विजापूरकडं चाकरी करून आला, घोडेस्वारांची छोटी तुकडी बाळगून राहिला. १६०० साली मोगलांनी अहमदनगरचा किल्ला घेतला, सुलतान कैद झाला, दरबाराची घडी विस्कटली. तेव्हा कुठं ती जागा रिकामी झाली. अंबरनं दुसऱ्या मुर्तझा निजामशहाला गादीवर बसवलं आणि १६०७च्या सुमारास राजधानी जुन्नरला आणली. १६२६ साली मरेपर्यंत त्यानं मोगलांना दख्खनेत स्वस्थ बसू दिलं नाही.

माणूस कर्तबगार होताच. पण कर्तबगारी त्याच्यापाशी १६००च्या आधीही होती. ती चालली केव्हा, तर जागा मोकळी झाली तेव्हा. देशी नियम करणाऱ्या कुणा अनामिकाला दरबारांची ही रीत चांगली ठाऊक असावी, असं मला वाटतं.

वेळेची ही बांधणी या खेळात फार जुनी आहे. बाणभट्टाच्या सातव्या शतकातल्या 'हर्षचरिता'त चतुरंगाचा उल्लेख येतो. १०३०च्या सुमारास अल बिरुनीनं हिंदुस्थानावर ग्रंथ लिहिला, त्यात त्यानं चौघांनी खेळायच्या बुद्धिबळाचं वर्णन केलं आहे. त्या खेळात फासे असत. फाशावर जे दान पडेल, त्याप्रमाणं कुठली सोंगटी हलवायची ते ठरे. हत्ती शत्रूच्या छातीवर उभा आहे, पण त्याचं दान पडत नाही, तोवर तो दगडाचा! बळ आपलं आणि वेळ फाशाची. पुढं फासे गेले आणि वेळ ठरवण्याचं काम खेळाडूच्या बुद्धीवर आलं. आपण या खेळाला 'बुद्धिबळ' म्हणतो, ते मला म्हणूनच सार्थ वाटतं.

इराणात जाऊन हा खेळ शतरंज झाला आणि परतताना शब्द घेऊन आला. शह, मात, वजीर, प्यादं हे सगळे फारसी-अरबी मुलखातले. राजा, हत्ती, घोडा, उंट हे इथले. आपण मराठीत सहज म्हणतो, "राजाला शह." शह म्हणजे मुळात शाह, म्हणजे राजाच. संस्कृत राजाला फारसी राजानं हाक मारावी आणि ते वाक्य शुद्ध मराठी ठरावं, याचं मला कवी म्हणून नेहमी कौतुक वाटत आलं आहे.

त्या जुन्या शतरंजात वजीर दुबळा होता. तिरपा, तोही एकच घर. त्याला आजचं बळ मिळालं ते पंधराव्या शतकाच्या अखेरीस, स्पेनच्या बाजूला. तिथं तो राणी झाला आणि पटभर धावू लागला. डाव वेगवान झाला. याच काळात प्याद्याला पहिल्या चालीत दोन घरं जाण्याची मुभाही रुळत गेली. पण नवी ताकद दिली की तिचा बंदोबस्तही करावा लागतो. दोन घरं उडी मारून प्यादं शत्रूच्या प्याद्याचा मारा चुकवू लागलं, तेव्हा नियम झाला की असं शेजारून निसटलेलं प्यादं जणू एकच घर आलं आहे असं समजून मारता येईल. मात्र लगेच पुढच्याच चालीत. एक चाल थांबलात तर हक्क गेला. साऱ्या बुद्धिबळात इतकं अल्पायुषी बळ दुसरं नाही.

हा युरोपी खेळ इंग्रजांबरोबर आपल्याकडं आला. १८१४ साली, पेशवाई बुडण्याच्या चार वर्षं आधी, मुंबईत त्रिवेंगडाचार्य शास्त्री यांचं बुद्धिबळावरचं पुस्तक इंग्रजीत छापलं गेलं. मूळ संस्कृत, पण डाव युरोपी पद्धतीला जुळवून घेतलेले. वारा कुठल्या दिशेनं वाहू लागला होता, ते यातून दिसतं. सत्यजित राय यांच्या १९७७च्या 'शतरंज के खिलाडी' या चित्रपटातही इंग्रजी नियमांची चर्चा आहे. लखनौचे दोन सरदार ती नवलानं ऐकतात आणि १८५६ साली अवध खालसा होतं तेव्हा ते इंग्रजी पद्धतीनं डाव मांडतात. राज्याबरोबर खेळाची गतीही बदलली.

तरी देशी सवयींनी त्या नव्या खेळाला काही दिलंच. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला कोलकात्यात जॉन कॉक्रेन या इंग्रज खेळाडूशी महेशचंद्र बॅनर्जी शेकडो डाव खेळले. प्यादी एकेक घर सरकवून, उंट कोपऱ्यातून रोखून धरायची त्यांची ढब पुढं 'इंडियन डिफेन्स' या नावानं जगभर गेली. मग मीर सुलतान खान. पंजाबातला हा तरुण देशी नियमांवर वाढला आणि १९२०च्या दशकात युरोपी नियम शिकला. १९२९, १९३२ आणि १९३३ अशी तीन वर्षं तो ब्रिटनचा विजेता झाला. हेस्टिंग्जला त्यानं कापाब्लांकाला हरवलं. मायदेशी परतल्यावर १९३५ साली महाराष्ट्रातले नामवंत खेळाडू व्ही. के. खाडिलकर यांच्याशी तो दहा डाव खेळला. एक बरोबरीत सुटला, बाकीचे त्यानं जिंकले. डावाच्या आरंभी तो अडखळे, कारण दोन घरांची प्यादी आणि किल्लेकोट यांची घाई त्याच्या हाडात नव्हती. शेवटाकडं मात्र त्याला आवरणं कठीण. त्याला मानद ग्रँडमास्टर हा किताब मिळाला २०२४ साली, मृत्यूनंतर ५८ वर्षांनी. मानालाही वेळ साधता आली नाही.

आज जगभर तरुण मंडळी टेबलावर छोट्या रंगवलेल्या सैनिकांच्या लढाया खेळतात. त्यांचंही मूळ या पटातच आहे. १७८०मध्ये जर्मनीत हेलविग यानं बुद्धिबळ वाढवून युद्धाचा खेळ केला, १८२४मध्ये राइसविट्झनं तो प्रशियाच्या सैन्यासाठी नकाशावर नेला, आणि १९१३मध्ये एच. जी. वेल्सनं खेळण्यातल्या शिपायांसाठी नियमांचं पुस्तक लिहिलं. आताच्या खेळांत एकेका सैनिकाला दहा तऱ्हेच्या शक्ती असतात आणि दोन शक्ती एकाच क्षणी लागू झाल्या की वाद पेटतो. आधी कुणाची? बऱ्याच खेळांत उत्तर असं की ज्याची पाळी, त्यानं क्रम ठरवावा. मामूंच्या ओट्यावरचाच हा प्रश्न, कपडे तेवढे नवे.

गझल लिहिणाऱ्याला हे लवकर उमगतं. काफिया कितीही सुंदर असो, तो रदीफच्या अगदी आधीच यावा लागतो. एक शब्द अलीकडं-पलीकडं झाला की शेर पडला.

१९५१ साली अखिल भारतीय संघटना स्थापन झाली आणि १९५५ साली एलुरूला पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली. तीत आपले रामचंद्र सप्रे आणि डी. वेंकय्या संयुक्त विजेते ठरले. सगळ्या देशानं, सगळ्या जगानं एकाच नियमानं खेळावं हे योग्यच झालं. त्याशिवाय नागपूरच्या दिव्या देशमुखला २०२५ साली महिलांचा विश्वचषक जिंकता आला नसता. पण देशी नियम छापील कमी आणि तोंडी जास्त होते. गावागणिक वेगळे होते. ते खेळणाऱ्या माणसांबरोबर जात आहेत.

म्हणून एक विनंती. आपल्या घरात, आळीत, मोहल्ल्यात कुणी आजोबा, कुणी चाचा असे डाव खेळलेले असतील, तर त्यांच्यापाशी बसा. राजाची उडी कशी होती, प्यादं कुठं थांबत होतं, हे विचारा आणि वहीत उतरवून घ्या. गावाचं नाव लिहा, साल लिहा. मामू आता नाहीत, गुरुजीही नाहीत. त्यांचे तीन प्रश्न मला पाठ आहेत. गुरुजींची दोन उत्तरंही आठवतात, तिसरं विचारायला आता कुणी उरलेलं नाही.

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)