देव्हारा, देऊळ आणि नगर : बडोद्यातील मराठी भक्तमंडळे व नागरधर्म

मनुष्य परमुलखास जावयास निघतो तेव्हा शेतवाडी मागे राहते, आप्तेष्ट मागे राहतात. परंतु देव्हाऱ्यातील टाक त्याच्या गाठोड्यात असतोच. नव्या गावी प्रथम घरात देवाची स्थापना होते, पुढे चार घरे मिळून भजन होते आणि कालांतराने देऊळ उभे राहते. येथवरचा क्रम सर्वत्र सारखाच आहे. विचार करावयाचा तो याच्या पुढचा. त्या देवळात जमणारी माणसे नव्या नगराची होतात, की देवळाच्या भिंतीआड आपले जुने गाव जपत परकीच राहतात? बडोद्यातील मराठी समाजाचा इतिहास या प्रश्नाच्या दोन्ही बाजू दाखवितो.

दमाजीराव गायकवाडांनी इ. स. १७३४ मध्ये बडोदे कायमचे हस्तगत केले. त्यानंतर शिलेदार, कारकून, शास्त्री, पुजारी, वैद्य, कीर्तनकार अशी मराठी कुटुंबे पिढ्यानुपिढ्या येथे येत गेली. प्रजा बहुतांशी गुजराती आणि राजकुल मराठी, अशी ही स्थिती होती. नवागतास देवळात ओळख मिळे, नोकरीची वार्ता मिळे, सोयरिकी जुळत. परंतु धर्मकृत्यांचा मोठा भार राजाच्या खजिन्यावर होता. खिचडीचे अन्नदान आणि श्रावणमासातील दक्षिणा या त्या काळच्या प्रसिद्ध प्रथा. त्यांमागील दातृत्व थोर होते यात संशय नाही. तथापि राजाश्रयाने पोसलेल्या मंडळीस मागणे साधते, संघटित होऊन देणे साधत नाही. असा समाज नगरात राहतो, पण नगराचा भार उचलण्याचा प्रसंग त्याच्यावर येत नाही.

महाराज सयाजीराव तिसरे यांनी या व्यवस्थेस वळण लाविले. श्रावणमासातील दक्षिणा परीक्षेशी जोडली गेली. केवळ जातीने मिळणारे दान विद्येचे पारितोषिक झाले. १९१५ मध्ये संस्कृत महाविद्यालयाची स्थापना झाली आणि त्याच वर्षी पुरोहितांस परीक्षेची अट घालणारा कायदाही झाला. यजमानास विधीचा अर्थ कळला पाहिजे, ही त्यामागील दृष्टी होती. धर्मकृत्य करणारास लोकांपुढे उत्तरदायित्व आहे, हे तत्त्व त्यातून प्रस्थापित झाले. शिवाय संस्कृत ही मराठी व गुजराती शास्त्र्यांची समाईक मिरास. त्यामुळे दोन्ही भाषांच्या विद्वानांस एकत्र बसण्यास एक निर्वेध आसन मिळाले.

तथापि राजाज्ञेने जे घडते त्याहून लोकांनी स्वतः उभारलेले अधिक टिकते. लोकमान्य टिळकांनी १८९३ मध्ये पुण्यात गणेशोत्सवास सार्वजनिक रूप दिले आणि ती प्रथा लवकरच बडोद्यातही रुजली. अशा उत्सवाचे खरे शिक्षण आरतीइतकेच तिच्या आधी व नंतर होणाऱ्या कामांत असते. वर्गणी गोळा करावयाची, पावती द्यावयाची, जमाखर्च सभेपुढे मांडावयाचा, कार्यवाह निवडावयाचा, मतभेद झाल्यास बहुमत मानावयाचे, मिरवणुकीच्या मार्गाविषयी नगरपालिकेशी व पोलिसांशी बोलणी करावयाची. हिशेबातील चार आण्यांची चूक सर्वांसमक्ष दाखविण्याचे धैर्य ज्यास मंडळात येते, त्यास नगरसभेत प्रश्न विचारण्याचे भय वाटत नाही.

या संदर्भात प्रो. माणिकराव यांच्या जुम्मादादा व्यायाममंदिराचे उदाहरण मननीय आहे. माणिकराव मूळचे पंढरपूरचे गजानन यशवंत तांबे. त्यांचे मल्लविद्येचे गुरू जुम्मादादा हे मुसलमान. पंढरीच्या भूमीतून आलेल्या शिष्याने गुरूचे नाव आखाड्यास जन्मभर मिरविले आणि त्याच आखाड्यात गणेशोत्सवही चालविला. सामुदायिक कवायतीसाठी त्यांनी स्वदेशी भाषेतील आज्ञाशब्द प्रचारात आणले. देव आपला, गुरू परधर्मीय आणि कवायत सर्वांची. नागरधर्माचा याहून सुबोध पाठ क्वचितच सापडेल.

दुसरे उदाहरण दत्तसंप्रदायाचे. कोकणातील माणगावचे प. प. श्रीवासुदेवानंद सरस्वती नर्मदातीरी गरुडेश्वर येथे १९१४ मध्ये समाधिस्थ झाले आणि ते स्थान मराठी व गुजराती भक्तांचे समान तीर्थ बनले. त्यांच्या परंपरेतील श्रीरंगावधूत महाराज म्हणजे पांडुरंग विठ्ठल वळामे. वडील रत्नागिरीकडून गोध्र्यास विठ्ठलमंदिराचे पुजारी म्हणून आले; पुत्र तेथेच १८९८ मध्ये जन्मला. परगावी बांधलेल्या मराठी देवळातून कोणते फळ निपजू शकते, हे त्यांच्या चरित्रात दिसते. तरुणपणी ते असहकाराच्या आंदोलनात शिरले; पुढे १९२५ च्या सुमारास बडोदे जिल्ह्यातील नारेश्वर येथे राहिले. १९३५ मध्ये त्यांनी दत्तबावनी रचिली ती गुजरातीत. बडोद्यास १९०९, १९२१ व १९३४ या वर्षी मराठी साहित्य संमेलने भरली. ती आवश्यक होती, त्यांनी स्वभाषिकांस एकत्र आणिले. दत्तबावनीने मात्र स्वभाषिकांचा देव शेजाऱ्याच्या ओठी दिला. ज्या दैवतास गुजराती कुटुंबे आपल्या भाषेत आळवू लागली, त्याचे भक्त त्या भूमीत परके कसे राहतील?

येथवरची बाजू उज्ज्वल आहे. दुसरी बाजू झाकून ठेवणे सत्यास धरून होणार नाही. संस्थानच्या शिष्यवृत्तीवर १९१३ मध्ये अमेरिकेस गेलेले डॉ. भीमराव आंबेडकर करारानुसार १९१७ मध्ये बडोद्यास नोकरीवर रुजू झाले. मातृभाषा मराठी, विद्या अलौकिक. पण अस्पृश्य मानल्या गेलेल्या कुळात जन्म. हिंदूंच्या खानावळीत थारा मिळणार नाही हे जाणून ते पारशी सरायीत राहिले. तेथूनही काठ्या घेऊन आलेल्या जमावाने त्यांस बाहेर काढिले. हिंदू व ख्रिस्ती मित्रांकडेही आसरा मिळाला नाही. कमाठीबागेत काही तास घालवून त्यांनी मुंबईची गाडी धरिली. त्या नगरात मराठी देवळे होती, भजने होती, अन्नछत्रे होती. परंतु त्यांपैकी एखाद्या दाराशी विश्वासाने जावे, असे या मराठी नवागतास वाटण्याजोगी स्थिती नव्हती. भक्तमंडळ आपल्यांस आश्रय देते हे खरे. ‘आपले’ कोण, हे ते कसे ठरविते यावर त्याचे नागरी मोल अवलंबून आहे.

१ मे १९४९ रोजी बडोदे संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले आणि १ मे १९६० रोजी बडोदे गुजरात राज्यात आले. सत्तेची भाषा बोलणारा समाज एका तपाच्या आतच इतरांसारखा सामान्य नागरिक झाला. ज्या संस्था केवळ राजाश्रयावर विसंबून होत्या, त्यांस हा काळ कठीण गेला असल्यास नवल नाही. वर्गणी, सेवा व शेजारधर्म यांवर उभ्या असलेल्या संस्थांस मात्र नव्या राज्यात आपले स्थान मागावे लागले नाही; ते आधीच मिळालेले होते. आज बडोद्याच्या गणेशोत्सवात गुजराती मंडळे मराठी मंडळांइतक्याच उत्साहाने नांदतात, ही त्याची साक्ष होय.

गीतेने ज्यास लोकसंग्रह म्हटले, त्याचा आरंभ देव्हाऱ्यापाशी होतो, पण शेवट तेथे होत नाही. कोणत्याही मठाने वा मंदिराने आपल्या वर्धापनदिनी किती आरत्या झाल्या याबरोबरच आणखी तीन गोष्टी मोजाव्या : आपला हिशेब किती उघडा आहे, आपले भजन शेजाऱ्यास किती कळते, आणि ज्यास नगरात कोठेही जागा नाही त्यास आपल्या ओसरीवर जागा आहे की नाही. या तीन कसोट्यांस जे भक्तमंडळ उतरेल, त्याचे भक्त कोणत्याही गावी गेले तरी तेथील उत्तम नागरिक होतील.