एका रविवारच्या सहलीचा खटला

चैत्र-वैशाखात चार दिवस घराबाहेर पडावे असे कोणास वाटत नाही? पण बेत निघाला की पहिला प्रश्न खर्चाचा. भाडे किती, उतरावयाचे कोठे, मुलांच्या खाण्यापिण्याचे काय, हा हिशेब जमेनासा झाला म्हणजे घरातील एखादे वडील माणूस म्हणते, "अहो, हिंडायला कुठे पैसे पडतात?" हे वाक्य आपण सहज बोलतो आणि सहज ऐकतो. इंग्लंडातील गिरणी-कारखान्यांतल्या माणसास मात्र ते सहज बोलता येत नव्हते. पैसे नसताना हिंडता यावे, एवढ्या एका गोष्टीसाठी तेथे शंभराहून अधिक वर्षे झगडा चालला, आणि त्यातील एका प्रकरणाचा शेवट तुरुंगात झाला. ते प्रकरण १९३२ सालच्या वसंतातले.

मँचेस्टर आणि शेफील्ड ही दोन शहरे आपल्या परिचयाची आहेत. एकीचे कापड आपल्या आजोबा-पणजोबांनी नेसले. दुसरीच्या चाकू-कात्र्या आपल्या घरांत आल्या. या दोन शहरांच्या मधोमध डर्बीशायर परगण्यात डोंगराळ मुलूख आहे, आणि त्यातील सर्वांत उंच पठारास किंडर स्काउट म्हणतात. उंची अवघी २,०८८ फूट. आपल्या सह्याद्रीत वाढलेल्या माणसाला एवढ्या उंचीचे काहीच वाटणार नाही. पण तिची शोभा उंचीत नाही. वर गेले म्हणजे मैलोगणती उघडे रान दिसते; झाड औषधाला नाही; हेदर नावाचे ठेंगणे झुडूप, त्याखाली काळी, भिजलेल्या शेणीसारखी माती, आणि अंगावर येणारा वारा. एप्रिलमध्ये तेथील डोंगरी ससा हिवाळ्याचा पांढरा झगा टाकून तपकिरी होऊ लागलेला असतो, म्हणून तो कबरा दिसतो. वर्षभर धुराड्यांच्या सावलीत राहणाऱ्या माणसाला तेवढे पुरे होते.

या माणसाची आठवड्याची मांडणी ध्यानात घ्या. शनिवारी अर्धा दिवस काम, आणि पुरती मोकळीक काय ती रविवारची. पगारी रजेचा कायदा इंग्लंडात १९३८ साली झाला. तोपर्यंत बहुतेक मजुरांच्या बाबतीत रजा घेणे म्हणजे पगार बुडवणे होते. १९३२ साली तर सबंध देशात पंचवीस लाखांहून अधिक माणसे बेकार होती. समुद्रकाठच्या ब्लॅकपूलसारख्या गावी जाऊन राहणे अशांना कसे परवडावे? डोंगर मात्र जवळ होता. १८९४ साली दोन्ही शहरांना जोडणारा लोहमार्ग ईडेल गावावरून गेला, आणि किंडरच्या पायथ्याशी स्टेशन झाले. रेल्वे कंपन्या रविवारी स्वस्त दराची परतीची तिकिटे देत. भाकरीचा तुकडा, चहाची किटली आणि मजबूत बूट एवढ्या भांडवलावर दिवस साजरा होई. रात्र काढावयाची असल्यास १९३० साली स्थापन झालेल्या युवक वसतिगृह संस्थेकडे एका शिलिंगात बिछाना मिळे. ही वसतिगृहांची कल्पना जर्मनीतील रिशार्ड शिरमान नावाच्या शाळामास्तरांची. मुलांना घेऊन पायी हिंडताना रात्री निवारा मिळेना, त्यातून त्यांना ती सुचली. असो.

एवढे सर्व स्वस्तात जुळून आले, आणि अडले कोठे? तर पायाखालच्या जमिनीशी.

ही रानावनांची जमीन पूर्वी आसपासच्या गावकऱ्यांची चराई होती. मालकी कोणाचीही असो, गुरे सोडावी, सरपण आणावे, पलीकडच्या गावी आडवाटेने जावे, अशी वहिवाट होती. अठराव्या शतकात आणि एकोणिसाव्याच्या पूर्वार्धात पार्लमेंटने एकामागून एक कायदे करून अशा जमिनी कुंपणांत घालण्यास संमती दिली, आणि वहिवाट संपली. पुढे श्रीमंतांत ग्राउज पक्ष्याच्या शिकारीचा षोक वाढला. ग्राउज हा तित्तिराच्या कुळातील पक्षी हेदरावर वाढतो. त्याच्या शिकारीचा हंगाम १२ ऑगस्टपासून १० डिसेंबरपर्यंतचा. म्हणजे मालक आणि त्याचे पाहुणे वर्षातून थोडेच दिवस रानात येणार. पण पक्षी भरपूर मिळावेत म्हणून राखणदार बाराही महिने ठेवावयाचे, आणि त्यांच्या काठ्यांना सर्वांत जास्त काम एप्रिल-मे महिन्यांत, कारण ग्राउज अंडी घालतो तो त्याच दिवसांत. शहरातील माणसाचे पाय ज्या ऋतूत डोंगराकडे ओढ घेतात, त्याच ऋतूत डोंगराचे दार अधिक घट्ट लावलेले! शिवाय शहरांना पाणी पुरवणारी खाती होती. पाणलोटात माणसे फिरली तर पाणी दूषित होईल, अशी त्यांची तक्रार. आणि विषमज्वराच्या त्या काळात ती अगदीच पोकळ म्हणता येत नाही.

लोक गप्प बसले होते असे मात्र नव्हे. मँचेस्टरमध्ये जुन्या पायवाटांच्या रक्षणासाठी १८२६ सालीच संस्था निघाली होती. १८८४ साली जेम्स ब्राइस यांनी डोंगरांवर हिंडण्याचा हक्क देणारे विधेयक पार्लमेंटात आणले, ते पडले. १८९६ साली बोल्टन गावाजवळ विंटर हिल या टेकडीवरची वाट मालकाने फाटक घालून बंद केली, तेव्हा दहा हजारांच्या आसपास माणसे मोर्चाने तीवरून गेली. कोर्टात ती हरली, आणि त्या वाटेला सार्वजनिक वाट म्हणून रीतसर मान्यता मिळाली १९९६ साली, म्हणजे बरोबर शंभर वर्षांनी! किंडरच्या बाजूस मात्र १८९७ साली एक विजय मिळाला. हेफील्ड गावापासून विल्यम क्लफ नावाच्या घळीतून वर चढून पलीकडे उतरणारी 'स्नेक पाथ' नावाची वाट वाटाघाटी करून खुली झाली. ही वाट लक्षात ठेवावी. पुढील सर्व भांडण तिच्या कडेवर झाले. तिच्यावरून चालणे कायदेशीर होते. तिच्यावरून उजव्या हातास वर चढले की मनुष्य गुन्हेगार नव्हे, पण आगंतुक ठरे. इंग्लंडच्या कायद्यात दुसऱ्याच्या जमिनीत नुसते शिरणे हा फौजदारी अपराध नव्हता. मालकाने दिवाणी दावा लावावा, मनाईहुकूम आणावा, एवढेच. शेफील्डच्या क्लॅरियन पदयात्री मंडळाचे संस्थापक जी. एच. बी. वॉर्ड यांच्यावर १९२३ साली किंडरबाबत असाच हुकूम बजावण्यात आला होता.

१९३२ सालच्या ईस्टरला कामगार क्रीडासंघाची काही तरुण मंडळी तंबू घेऊन जवळच्याच ब्लीक्लो डोंगराकडे गेली असता राखणदारांनी त्यांना हुसकून लावले. हा संघ साम्यवाद्यांचा. त्याचा लँकेशायरचा चिटणीस बेनी रॉथमन हा वीस वर्षांचा, ठेंगणा, चळवळ्या, आणि त्या वेळी बेकार. या मंडळींनी परतताना विचार केला की आपण थोडे होतो म्हणून हाकलले गेलो. पुष्कळ गेलो तर? लगोलग पत्रके वाटली गेली, वर्तमानपत्रांत बातमी दिली गेली. दिवस ठरला रविवार, २४ एप्रिल.

मँचेस्टरच्या स्टेशनवर पोलीस आपल्यासाठी थांबले आहेत, या समजुतीने रॉथमन आगगाडीने न जाता सायकलवरून हेफील्डला गेला. गावच्या मैदानात सभा भरवण्यास बंदी होती, तेव्हा जमाव बोडन ब्रिजजवळच्या दगडाच्या जुन्या खाणीत जमला. तेथे एका उंचवट्यावर उभे राहून त्याने भाषण केले. माणसे सुमारे चारशे असावीत. कोणी दोनशे म्हणतात, कोणी सहाशे. बहुतेक विशीच्या आतबाहेरची, त्यांत मुलीही होत्या. आखूड विजारी, पाठीवर पिशव्या, तोंडी गाणी. पोलिसांनी पाहिले तर त्यांना ती शाळेची सहलच वाटावी.

स्नेक पाथने जमाव घळीत शिरला, आणि ठरलेल्या जागी शिट्टी होताच वाट सोडून उजवीकडचा चढ चढू लागला. वर वीस-तीस राखणदार काठ्या घेऊन उभे होते. काही ठिकाणी झोंबाझोंबी झाली, काठ्या हिसकावल्या गेल्या, एक राखणदार पडून त्याचा घोटा दुखावला. एवढेच काय ते युद्ध. पुढे अॅशप हेड येथे ईडेलकडून आलेली शेफील्डची तुकडी भेटली, आनंदीआनंद झाला, आणि सर्वजण आल्या वाटेने परतले. किंडरच्या माथ्यावर ते बहुधा पोचलेही नाहीत. इतिहासात एवढी गाजलेली चढाई शिखरापर्यंत गेलीच नाही, याची मला नेहमी गंमत वाटते.

खाली पोलीस तयार होते. एकंदर सहा तरुण पकडले गेले. जुलैत डर्बीच्या सत्र न्यायालयात खटला उभा राहिला. नुसत्या प्रवेशाबद्दल शिक्षा देता येत नव्हती, म्हणून आरोप ठेवला दंग्याचा आणि मारहाणीचा. ज्यूरीत जमीनदार आणि लष्करातील हुद्देदार यांचा भरणा होता. एक जण सुटला. बाकीच्या पाचांना दोन ते सहा महिन्यांच्या शिक्षा झाल्या, रॉथमनला चार. रविवारच्या सहलीची ही किंमत ऐकून, ज्यांना या पोरांचे वागणे मुळीच पसंत नव्हते, असे लोकही चपापले.

आणि पसंत नसणारे पुष्कळ होते. पदयात्रींच्या अधिकृत मंडळांनी या प्रकाराचा निषेध केला होता. वर्षानुवर्षे मालकांशी गोडीगुलाबीने बोलून जे साधत आणले ते ही साम्यवादी पोरे एका दिवसात उधळून लावतील, अशी त्यांना धास्ती होती. या वादात न्याय कोणाकडे, हे ठरवणे सोपे नाही. स्नेक पाथ वाटाघाटीनेच खुली झाली होती, हे विसरून चालणार नाही. तथापि अठ्ठेचाळीस वर्षे पार्लमेंटात खेटे घालून ब्राइस यांचे विधेयक जेथल्या तेथेच होते, हेही खरे. माझ्या मते त्या पाच जणांच्या चढाईपेक्षा त्यांच्या शिक्षेनेच अधिक काम केले. त्याच उन्हाळ्यात विनॅट्स खिंडीत भरलेल्या सभेला सुमारे दहा हजार माणसे लोटली. मोर्चाच्या प्रसिद्धीचे काम करणाऱ्या एका सतरा वर्षांच्या मुलाने त्यावर गाणे रचले. तोच पुढे युअन मॅकॉल या नावाने प्रसिद्ध झाला.

कायद्याची चाल मात्र मंदच राहिली. १९३९ साली झालेला कायदा मालकांच्या दुरुस्त्यांनी इतका कुरतडला गेला की काही प्रसंगी रानात शिरणे हाच गुन्हा ठरला. महायुद्धानंतर, १९४९ साली, राष्ट्रीय उद्यानांचा नवा कायदा झाला. १९५१च्या एप्रिलमध्ये याच मुलखाचे ब्रिटनमधील पहिले राष्ट्रीय उद्यान जाहीर झाले, आणि थोड्याच वर्षांत किंडरवर हिंडण्याविषयी मालकांशी करार झाले. टॉम स्टीफनसन या पत्रकाराने १९३५ साली सुचवलेला पेनाइन वे हा लांब पल्ल्याचा पायरस्ता १९६५ साली खुला झाला. त्याचा आरंभ ईडेलला, आणि उद्घाटनाची तारीख २४ एप्रिल. १९८२ साली किंडरची जमीन नॅशनल ट्रस्टने घेतली. सर्व उघड्या रानांत पायी हिंडण्याचा हक्क देणारा कायदा २००० साली झाला, आणि या भागात तो २००४ साली अमलात आला. त्या आधी, २००२च्या एप्रिलमध्ये, बोडन ब्रिज येथे सत्तराव्या वाढदिवसाच्या सभेत डेव्हनशायरच्या ड्यूकनी, किंडरचे मालक असलेल्या आपल्या आजोबांच्या वर्तनाबद्दल जाहीर क्षमा मागितली. ती ऐकण्यास रॉथमन नव्हता. त्याच वर्षी जानेवारीत, नव्वद वर्षांचा होऊन, तो वारला होता.

एक गोष्ट सांगावयाची राहिली. ज्या पठारासाठी एवढे झाले, त्याची प्रकृती तोवर बिघडली होती. दोन्ही शहरांच्या धुराड्यांतून निघालेली काजळी आणि गंधक शंभर-दीडशे वर्षे पावसाबरोबर त्याच्यावर पडत राहिली, आणि पाणी धरून ठेवणारे शेवाळ मरून गेले. त्यावर मेंढ्यांची चराई, वणवे आणि काही अंशी चालणाऱ्यांचे बूटही. काळी माती उघडी पडून ओघळींनी वाहू लागली. २००९ साली किंडरला राष्ट्रीय निसर्ग-राखीव क्षेत्र ठरवून ओघळी अडवण्याचे आणि शेवाळ पुन्हा लावण्याचे काम हाती घेण्यात आले.

आज मँचेस्टरहून ईडेलला आगगाडी जाते. गाडीचे तिकीट पडते. पठारावर पडत नाही. वाट सोडून उजवीकडे चढल्यास कोणी अडवत नाही. मात्र १ मार्च ते ३१ जुलै या काळात कुत्रे बरोबर असेल तर त्याला आखूड दोरीने बांधून न्यावे लागते, कारण ग्राउज आणि टिटव्या अजूनही त्याच दिवसांत जमिनीवर घरटी करतात.