जालन्याचं नाव

आमच्या घरात ‘जालना’ हे नाव हळू आवाजात घेतलं जाई. १९५० च्या सुमारास आजोबा म्हातारपणी बोलेनासे झाले. जेवण तुटलं, पहाटे तीनला उठून ओसरीवर बसून राहत. कुणी म्हणे वय झालं, कुणी म्हणे बाहेरचं असेल. एका नातेवाइकानं सुचवलं, “जालन्याला दाखवून बघा.” आजी कडाडली, “त्यांना काय याड लागलंय का?” विषय तिथंच संपला. वडील हे सांगत.

निजामाच्या राज्याचं मनोरुग्णालय तेव्हा जालन्यात होतं, हे हिंगोलीत आज फारसं कुणाला आठवत नाही. १९५३ मध्ये ते हैदराबादला एर्रागड्ड्यास हललं. तीनच वर्षांत राज्य पुनर्रचना झाली; मराठवाडा मुंबई राज्यात आला, इस्पितळ पलीकडे राहिलं. १९६० साली महाराष्ट्र झाला, पण सरकारी प्रादेशिक मनोरुग्णालयं पुणे, ठाणे, नागपूर, रत्नागिरीला. औंढ्याच्या, सेनगावच्या माणसानं जायचं कुठं? आमच्याकडे उरली ती फक्त नावाची धास्ती.

अर्थात, इस्पितळ राहिलं असतं तरी आजोबा गेले नसते. मुकाट बसणाऱ्या म्हाताऱ्याला कुणी आजारी समजतच नव्हतं. जिल्ह्याच्या दवाखान्यातच मनाचे उपचार व्हावेत, हा विचार १९८२ च्या राष्ट्रीय कार्यक्रमात आला. जिल्हा कार्यक्रम १९९६ मध्ये सुरू झाला. हिंगोली जिल्हाच मुळी १ मे १९९९ चा!

पत्नी गेल्यावर, एकाहत्तराव्या वर्षी, मलाही पहाटे तीनला जाग येऊ लागली. अंग दुखे, नावं आठवत नसत. मला वाटलं, विसरण्याचा आजार जडला. डॉक्टरांनी तासभर ऐकून घेतलं आणि म्हणाले, “गुरुजी, हे नैराश्य आहे. उतारवयात ते असंच अंगदुखीच्या, विसराळूपणाच्या रूपानं येतं.” गोळी कमी मात्रेत सुरू झाली. गुण यायला काही आठवडे लागले. बरं वाटतंय म्हणून मी ती परस्पर बंद केली, तर दोन महिन्यांत पुन्हा ओसरी! आता तसं करत नाही. सकाळी कयाधूच्या बाजूला फिरून येतो, मन नसलं तरी जातो. दुपारी शेजारच्या पोरांची गणितं तपासतो.

गोळ्या मात्र वर्षभर मी रक्तदाबाच्या डबीत लपवल्या होत्या. परवा सुनेनं डबी उघडून विचारलं, “मामा, ही दुसरी कशाची?” मी तिला खाली बसवलं आणि आजोबांपासून सांगायला सुरुवात केली.